तात्या विंचूला हात लावण्याआधी

वालचंदनगरला अजून अनेकजण साखरेमुळे ओळखतात. शेठ वालचंद हिराचंदांनी नीरेच्या खोऱ्यात कारखाना उभा केला, त्यामागून साखर कारखान्यांची यंत्रे बनवणे आले आणि पुढे इस्रोची कामे. चांद्रयान-३ ज्या रॉकेटवरून गेले, त्याच्या दोन्ही बाजूंचे जाड बूस्टर आठवा. त्यांच्या ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी कवचाचे भाग आमच्या गावात बनलेले आहेत. अशा गावात लोक विज्ञानपटांची फार चिकित्सा करत असतील, असे पाहुण्यांना वाटते. चिकित्सा होते, पण गणपतीत पडद्यावर हमखास मागणी असते ती ‘झपाटलेला’ सिनेमातल्या तात्या विंचू या बाहुल्याची.

माझी सगळी नोकरी इथल्या कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर जुन्या अद्भुत सिनेमांच्या नव्या आवृत्त्यांवर जे वाद झाले, घरी भाच्यांशी जी भांडणे झाली, त्यांतून हाती लागलेले हे काही.

१. चमत्कार कितीही मोठा चालतो, मोडलेला नियम चालत नाही

मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी जॉब परत पाठवणारी माणसे मंत्राने आत्मा बाहुल्यात शिरतो हे निमूटपणे मान्य करतात. मात्र ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) त्या बाहुल्याला मारायचे तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. त्याला माणसाचे शरीर हवे तर ज्याला त्याने आपले गुपित सर्वांत आधी सांगितले, त्याच्याच अंगात शिरावे लागते. ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७) अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो. प्रेक्षक या कायद्यांच्या भरवशावर घाबरतो आणि हसतो. नव्या दिग्दर्शकाने गाव बदलावे, गाणी बदलावीत, नायकाच्या जागी नायिका आणावी. पण बाहुला पोटात गोळी लागून मेला, तर लोक खुर्च्या मोडतील आणि मी त्यांना अडवणार नाही.

२. आपले ‘मूळ’ही कुणाची तरी दुसरी आवृत्ती असते

‘जुन्याला हात लावू नका’ असे ओरडणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. ‘झपाटलेला’च्या आधी १९८८ चा अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’ आणि त्यातला चकी हा बाहुला होता. ‘मिस्टर इंडिया’च्या तीस वर्षे आधी अशोक कुमारांचा ‘मिस्टर एक्स’ आला होता, आणि त्याही आधी १८९७ ची एच. जी. वेल्सची अदृश्य माणसाची कादंबरी. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा केला. बोलपट आल्यावर १९३२ मध्ये प्रभातने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून मांडली, तीही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. म्हणजे आपल्या सिनेमाचा पाळणाच पुनरावृत्तीने हलला आहे. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या माझ्या पिढीने आधी तात्या विंचू पाहिला आणि बऱ्याच वर्षांनी केबलवर चकी. आम्हाला चकीच नकली वाटला.

३. खुलासा वैज्ञानिक केला म्हणून भीती वाढत नाही

२०१९ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ नव्याने आला. बाहुल्यातला खुनी आत्मा गेला आणि त्याच्या जागी बिघडलेली कृत्रिम बुद्धिमत्ता आली. कागदावर हे आजच्या काळाला धरून आहे. मूळ पात्राचे जनक डॉन मॅन्सिनी यात नव्हते. त्यांनी जुनाच चकी पुढे नेला आणि २०२१ मध्ये ब्रॅड डूरिफच्या मूळ आवाजासह मालिका सुरू केली. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या मित्राचा निकाल एका वाक्याचा होता : “सॉफ्टवेअर बिघडलं तर सर्व्हिस इंजिनिअरला फोन करायचा, घाबरायचं कशाला?” तात्या विंचूची भीती वाटते कारण त्याला काहीतरी हवे आहे. तो मरणाला कंटाळलेला, शरीरासाठी हपापलेला गुंड आहे. बिघाडाला हाव नसते. नवी आवृत्ती लिहिणाऱ्याने खलनायकाचे यंत्र खुशाल बदलावे, त्याची हाव मात्र शाबूत ठेवावी.

४. वजन दिसले पाहिजे

ही तक्रार क्रेनवर काम केलेल्यांची. कित्येक टनांचा जॉब उचलताना तो आधी किंचित झोल खातो, साखळी ताणते आणि थांबवला तरी लगेच थांबत नाही. हे रोज पाहिलेल्या माणसाला संगणकात घडवलेला राक्षस फसवू शकत नाही. तो राक्षस इमारतीवरून उडी मारतो आणि पिसासारखा उतरतो. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) आजही टिकतो, कारण त्यात संगणकाचे डायनासोर जेमतेम सहा मिनिटे आहेत. बाकी ठिकाणी स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने केलेली खरीखुरी धुडे हलतात. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला. तो टेबलावर आपटला की टेबलाचा आवाज येतो. दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याला मिळाला आणि आमच्या भागातल्या एका पिढीची झोप उडाली. ‘मिस्टर इंडिया’त पीटर परेरांनी वस्तू हवेत तरंगवल्या, तेव्हा संगणक मदतीला नव्हता. पैसा कमी होता म्हणून त्या युक्त्या सुचल्या असतील, पण परिणाम युक्तीचा झाला. पैसा आला की बहुतेक नव्या आवृत्त्या पहिल्यांदा हीच युक्ती काढून टाकतात.

५. गेलेल्या नटाची जागा भरायला जाऊ नये

‘झपाटलेला’त लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. दिग्दर्शक महेश कोठाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत काढला, तेव्हा दुसरा लक्ष्या शोधला नाही. गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे सोपवली. त्या सिनेमाबद्दल आमच्यात मतभेद आहेत, या निर्णयाबद्दल नाहीत. उलट उदाहरण हॉलिवूडचे. पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारले आणि २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये संगणकाने त्यांचा चेहरा दुसऱ्या नटावर चढवून त्यांना पुन्हा बोलायला लावले. आता तर हे तंत्र स्वस्त होत चालले आहे. लक्ष्याचा चेहरा कुणीही उभा करील. पण समोरच्याचे वाक्य संपायच्या आत तो डोळे फिरवून जी अर्ध्या क्षणाची गंमत करायचा, ती त्या दिवशी सेटवर त्याला सुचलेली असायची. जे सुचायचे, त्याची नक्कल काढता येत नाही.

६. पहिल्या कारागिराला विचारावे

२०२० च्या फेब्रुवारीत ‘मिस्टर इंडिया’वर नवी चित्रत्रयी करण्याची घोषणा झाली. मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी, आपल्याला कुणी विचारलेसुद्धा नाही, अशी जाहीर नाराजी व्यक्त केली. हक्क निर्मात्याकडे असतात आणि कायदा तिथेच संपतो. तरीही एक फोन करायला पैसे पडत नाहीत. शिवाय तो व्यवहारालाही धरून आहे : लाल प्रकाशाचा नियम का ठेवला आणि काय काय टाकून दिले, हे करणाऱ्यालाच माहीत असते.

७. नवे करण्याआधी जुने जपा

कारखान्यात ड्रॉइंगची सुधारित प्रत निघाली, तरी जुनी फाडत नाहीत. तिच्यावर शिक्का मारून ती जपून ठेवतात, कारण वीस वर्षांनी एखादा भाग बदलायचा झाला तर तीच लागते. सिनेमावाल्यांना ही शिस्त उशिरा सुचली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळेच उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून कितीतरी जुने सिनेमे कायमचे गेले. जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’मध्ये फेरफार करून तीच प्रत पुढे चालवली, तेव्हा चाहते चिडले ते फेरफारांपेक्षा जुनी प्रत बाजारातून नाहीशी झाली म्हणून. त्यांचे बरोबर होते. मूळ सिनेमा स्वच्छ प्रतीत उपलब्ध असेल, तर वाईट नवी आवृत्ती कुणाचेच नुकसान करत नाही. आणि कधी कधी नव्याची गरजही उरत नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा जसाच्या तसा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

८. आपल्या लहानपणाची भरपाई दिग्दर्शकाकडे मागू नये

हा बोल आम्हा चाहत्यांसाठी. मैदानावर सतरंजी टाकून पाहिलेल्या सिनेमात मैदान, थंडी आणि आपले दहा वर्षांचे वय मिसळलेले असते. पन्नाशीत तोच दिग्दर्शक तोच सिनेमा घेऊन आला, तरी आपण तसे घाबरणार नाही. म्हणून माझा एक पायंडा आहे. नवी आवृत्ती पाहायला जाताना जुनी न पाहिलेले पोर बरोबर न्यायचे आणि घरी येईपर्यंत आपले तोंड बंद ठेवायचे. पोराने रात्री दिवा चालू ठेवायला सांगितले, तर सिनेमा जमला.

९. गाजलेला नको, हुकलेला सिनेमा पुन्हा करा

निर्माते गाजलेल्या नावांमागे धावतात कारण नाव आधीच विकलेले असते, आणि आपण चाहतेही तेच तिकीट काढतो. खरा उपयोग उलट दिशेने आहे. १९८४ चा ‘ड्यून’ आपटला होता. २०२१ पासून डेनी विल्नव्ह यांनी ती कादंबरी दोन भागांत विभागून निवांत मांडली आणि सिनेमा उभा राहिला. मराठीत असा उमेदवार आहे. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) : इंजिनिअरिंगचा मुलगा आवडत्या मुलीचे प्रकाशातून घडवलेले रूप तयार करतो. तेव्हा कल्पना पुढे होती आणि साधने मागे. आज तशी रूपे लोकांच्या मोबाईलवर बोलू लागली आहेत, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सांगायला हीच वेळ आहे. तात्या विंचूला थोडी विश्रांती देऊन कुणी हा सिनेमा हाती घेतला, तर बारामतीला जाऊन पहिल्या दिवसाची तिकिटे मी काढीन, आणि टपरीवरच्या सगळ्यांची काढीन.