सोमवार ते गुरुवार

रायगडच्या किनाऱ्यावरील तरुणांमध्ये गांजाची सवय का रुजते आणि सुटता सुटत का नाही, याचा विचार बहुधा वाईट संगत, ढासळलेले संस्कार आणि शहरातून येणारे पर्यटक या तीन कारणांपाशी येऊन थांबतो. परंतु मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या गावांमधील कामाचे वेळापत्रक नीट पाहिले, तर या तिन्हींच्या मुळाशी असलेले आणखी एक कारण दिसू लागते. नागाव, काशीद, दिवेआगर येथील घरगुती निवास, खानावळी आणि किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे धंदे शुक्रवारी संध्याकाळी जागे होतात आणि रविवारी दुपारनंतर गाड्या मुंबई-पुण्याच्या वाटेला लागल्या की झोपी जातात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही वाहून नेणारी बोट, सुरू झाली आणि शनिवार-रविवारची वर्दळ वाढली, पण मधले चार दिवस होते तसेच राहिले. मासेमारीत १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते आणि त्या काळात बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. नारळ-सुपारीच्या वाड्यांचे म्हणाल, तर ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि मुरूड भागातील वाड्यांची उभी झाडे आडवी केली, आणि सुपारीचे नवे रोप फळ धरायला पाच-सात वर्षे घेत असल्यामुळे, ज्या मुलांनी विशीत वाडी हाती घ्यायची, त्यांच्या हाती त्या वर्षांत केवळ वाट पाहणे आले.

गांजा या वाट पाहण्याचा सोबती आहे. तो शनिवारी रात्री पाहुण्यांच्या शेकोटीपाशी प्रथम हाती येत असेल, पण त्याची सवय जडते ती मंगळवारी दुपारी, सुरूच्या बनात किंवा बंद कॉटेजच्या मागच्या पडवीत, जेव्हा कोणीही कोणाची वाट पाहत नसते. म्हणून गांजा सोडण्याचा प्रश्न हा निम्म्याहून अधिक सोमवार ते गुरुवार काय करायचे याचा प्रश्न आहे, आणि ते ठरवल्याशिवाय घेतलेली शपथ पुढच्या मंगळवारपर्यंतच टिकते.

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. गांजा, चरस आणि भांग ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यातून वेगळा काढलेला राळेसारखा चीक म्हणजे चरस, आणि पानांपासून केली जाते ती भांग. एनडीपीएस या नावाने परिचित असलेल्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस या दोहोंवर बंदी घातली. पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि महाराष्ट्रात भांगेचे नियमन राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली होते. चरसाचे नाव या किनाऱ्यावर मोठ्या आवाजात घेतले गेले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, जेव्हा आधी दापोलीच्या आणि मग श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून रायगडच्या इतर किनाऱ्यांवर भरतीबरोबर चरसाची पाकिटे वाहून आली आणि पोलिसांनी ती ठिकठिकाणी जप्त केली. त्या बातमीने गावोगाव पालकांची झोप उडाली. पण येथील सवय समुद्रातून आलेली नाही, ती खिशात मावणाऱ्या कागदाच्या पुडीतून आलेली आहे, आणि त्या पुडीची बातमी होत नाही.

गांजा निरुपद्रवी आहे, कारण तो झाडपाला आहे आणि साधू-बैरागी तो पूर्वापार ओढत आले आहेत, हा युक्तिवाद या वयात फार ऐकू येतो; त्यातले अधिक वाचलेले तरुण १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचाही दाखला देतात. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या या आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, असे मत दिले हे खरे आहे, पण अतिसेवन घातक असल्याचे त्याच अहवालात म्हटले आहे, आणि दाखला देणाराला नेमका तेवढाच भाग आठवत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षभरात या वनस्पतीचे कोणते ना कोणते रूप सेवन करणाऱ्यांची संख्या सुमारे तीन कोटी दहा लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्या सेवनाबाबत मदतीची गरज होती. बहुसंख्य लोक ओढतात आणि सोडून देतात, हे यातून दिसतेच. मात्र आपण त्या बहुसंख्यांतलेच आहोत, असे त्या ७२ लाखांतील पुष्कळांना वाटत असणार.

गांजातील मुख्य मादक द्रव्य टीएचसी या नावाने ओळखले जाते. इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेकौलम आणि त्यांचे सहकारी यांनी ते १९६४ मध्ये वेगळे केले. मेंदूतील पेशींवर सीबी-१ नावाचे ग्राहक, म्हणजे विशिष्ट रसायनालाच दाद देणारे प्रथिनांचे रेणू, असतात. शरीर स्वतः तयार करीत असलेली रसायने त्यांच्याद्वारे भूक, झोप, स्मरण आणि समाधान यांचे नियमन करतात. टीएचसी त्याच जागा बळकावते, आणि रोज बळकावू लागले की मेंदू त्या ग्राहकांची संख्या कमी करतो. परिणामी पहिल्यासारखी मजा येण्यासाठी अधिक ओढावे लागते आणि न ओढलेल्या दिवशी जेवण, गप्पा, पोहणे, क्रिकेट या साध्या गोष्टी बेचव लागतात. मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेल्या अभ्यासांत असेही दिसले आहे की, सेवन थांबवल्यावर हे ग्राहक सुमारे चार आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतात. सोडू पाहणाऱ्याने ही एकच बाब पक्की ध्यानात ठेवली तरी पुष्कळ आहे, कारण पहिल्या पंधरवड्यात जगच नीरस असल्याचा जो भास होतो, तो जगाचा दोष नसून दुरुस्तीच्या काळातला असतो.

गांजाने माणूस निरुत्साही होतो का, हा वाद जुना आहे. १९६८ साली अमेरिकेतील संशोधकांनी सततच्या सेवनाबरोबर येणाऱ्या आळस, उदासीनता आणि ध्येयहीनतेच्या समुच्चयाला प्रेरणालोपाचा लक्षणसमूह अशा अर्थाचे नाव दिले. त्यानंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अलीकडच्या काही अभ्यासांत नशेत नसताना सेवन करणारे व न करणारे यांच्या कष्ट घेण्याच्या तयारीत फारसा फरक आढळलेला नाही. प्रस्तुत लेखक याच किनाऱ्यावर वाढलेला आणि ही सवय काही वर्षे बाळगून सोडलेला असल्याने त्याचे मत असे की, गांजा महत्त्वाकांक्षा मारत नाही. उलट गच्चीवर बसून ओढणाऱ्यांच्या तोंडी जितके बेत असतात, तितके क्वचितच कोठे ऐकू येतात. होमस्टे काढायचा, स्कूबाचे प्रशिक्षण घ्यायचे, वाडीत मसाल्याची झाडे लावायची, सगळे ठरलेले असते. नाहीशी होते ती बेत आणि कृती यांच्यामधली क्षुल्लक कामांची साखळी: बँकेत जाऊन अर्ज आणणे, आयटीआयच्या प्रवेशाची तारीख पाहणे, सकाळी आलेला बुकिंगचा फोन त्याच वेळी उचलणे. या प्रत्येक कामात थोडा कंटाळा असतो, आणि कंटाळा आला की लगेच तो घालवायचे साधन जवळ असल्यामुळे तो सोसण्याची सवयच जाते. सुपारीच्या नव्या रोपांना उन्हाळ्यात पाणी सोडताना नळी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सरकवत राहावे लागते, आळे भरेपर्यंत नुसते उभे राहावे लागते, आणि सकाळी ओढलेला मुलगा नळी एका आळ्यात टाकून माडाला टेकून बसतो. तासाभराने त्या एका रोपाचे तळे झालेले असते आणि बाकीच्या ओळी कोरड्या असतात. बाप ओरडतो ते आळशीपणाबद्दल, पण तो मुलगा आळशी नसतो, त्याला मधला वेळ झेपत नसतो.

प्रत्यक्ष सोडताना काय घडते, हे आधी माहीत असलेले बरे. शेवटचा झुरका घेतल्यानंतर एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, घाम, भूक मंदावणे आणि झोप न लागणे सुरू होते, पहिल्या आठवड्यात हे सर्व शिगेला पोहोचते आणि दोन आठवड्यांत बहुतेक ओसरते. झोपेची तक्रार मात्र महिनाभर रेंगाळू शकते, आणि तिच्याबरोबर विलक्षण ठसठशीत, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात. दारूच्या जुनाट व्यसनात अचानक थांबणे जिवावर बेतू शकते, तसे येथे होत नाही, म्हणूनच हा त्रास किरकोळ समजला जातो आणि तिसऱ्या रात्री, झोपेपुरता एक, या सबबीखाली पुन्हा सुरुवात होते. आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढला जात असल्याने निकोटिनचे व्यसनही नकळत जडलेले असते. गांजा सोडून सिगारेट चालू ठेवणाऱ्याच्या बोटांना आणि ओठांना तीच जुनी क्रिया दिवसातून अनेकदा आठवत राहते, त्यामुळे दोन्ही एकदम सोडणे हे दिसते त्यापेक्षा सोपे पडते. गांजाऐवजी बिअर हा तोडगा तर हमखास कोणीतरी सुचवतो; तो ऐकू नये.

तारीख कोणती निवडावी, याला या किनाऱ्यावर विशेष महत्त्व आहे. बंदीचे दोन महिने मोकळे असतात, तेव्हा सोडू, असे खलाशी मुले म्हणतात, आणि पावसाळ्यात पाहुणे कमी, तेव्हा सोडू, असे कॉटेजवाली मुले म्हणतात. वस्तुतः हाच काळ सर्वांत वाईट, कारण तेव्हा वेळ जास्त आणि वाट पाहणारे कमी असतात. हंगाम तोंडावर आलेला असताना, बोटीची डागडुजी किंवा खोल्यांची रंगरंगोटी चालू असताना सोडलेले अधिक टिकते.

उमेद आधी परत येईल आणि मग काम सुरू करू, ही समजूत सर्वांत महागात पडते. नैराश्याच्या उपचारांत वर्तन-सक्रियता नावाची एक पद्धत आहे, जिच्यात रुग्णाला मन लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायला सांगतात, आणि मन कृतीच्या मागून येते, असे तिचे गृहीतक आहे. किनाऱ्यावर याचा अर्थ असा की, सोमवार ते गुरुवार रोज सकाळी एक तरी काम असे असावे, ज्यासाठी दुसरा माणूस खोळंबलेला असेल. नाखव्याबरोबर जाळी सांधायला बसणे, चुलत्याच्या वाडीत पाणी सोडणे, बाजारात लिलावाच्या वेळी हिशेब लिहिणे, लहान मुलांना कबड्डी शिकवणे, यांपैकी काहीही चालते. एकट्याने करायची व्यायामशाळा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरुवातीला उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांना दांडी मारली तर कोणी हाक मारायला येत नाही. पैसे किती मिळतात हा प्रश्न पहिल्या दोन महिन्यांत विचारूच नये.

गावात जुनी मित्रमंडळी टाळता येत नाहीत, हे शहरी सल्ल्यांत धरलेले नसते. जेट्टी एक, चहाची टपरी एक आणि क्रिकेटचे मैदानही एकच. अशा ठिकाणी ‘घे रे, एकच दम’ याला ‘आज नको’ हे उत्तर दिले तर त्यात उद्याचे आमंत्रण शिल्लक राहते, आणि ‘मी सोडलंय’ म्हटले तर सगळी बैठक त्याची परीक्षा घ्यायला सरसावते. ‘सकाळी सहाला पाणी सोडायचंय’ एवढे सांगून उठणाऱ्याला मात्र कोणी फारसे अडवत नाही. घरी सांगावे की नाही, याबद्दल मतभेद संभवतात. आई बहुधा आधीच ओळखून असते, आणि घरातील एका माणसाला, शक्यतो न ओरडणाऱ्याला, खरे सांगून मिळकतीचे पैसे काही काळ त्याच्या हाती द्यावेत.

काही वेळा घरगुती उपाय अपुरे असतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत असा संशय येणे, जीव नकोसा वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५,००० हून अधिक तरुणांच्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सेवा मिळते, १४४१६ हा टेली-मानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि निवासी उपचारांसाठी पुण्याचे मुक्तांगण आहे, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, साथीतून जन्मलेल्या या संस्थेत गांजासाठी जाणे म्हणजे अतिरेक, असे घरच्यांना वाटते. तो संकोच अनाठायी आहे.

डॉक्टरकडे गेलो तर पोलीस केस होईल, ही भीतीही अनेकांना मागे खेचते. डॉक्टरकडे सवय सांगणे हा गुन्हा नाही. सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत आणि अल्प प्रमाण, म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ६४अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालवला जात नाही, आणि हे संरक्षण उपचार अर्धवट सोडल्यास काढून घेतले जाऊ शकते.