समुद्रावरील धावपट्टी आणि नौदलाचे 'पांढरे वाघ'

कोल्हापुरातून समुद्र दिसत नाही. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेल्याखेरीज खाऱ्या वाऱ्याचा स्पर्श होत नाही. तथापि करवीर राज्याचा इतिहास समुद्राशी जोडलेला आहे. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणनजीक कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधणीस प्रारंभ केला. अठराव्या शतकात हा जलदुर्ग आणि मालवणचे आरमार करवीर छत्रपतींच्या सत्तेखाली होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. परंतु पुढे तो करवीरकरांना परत केला. अखेर १८१२ च्या तहान्वये मालवण इंग्रजांकडे गेले.

त्यानंतर दोनशे अकरा वर्षांनी, ४ डिसेंबर २०२३ रोजी, भारतीय नौदलाने आपला नौदल दिन याच सिंधुदुर्गाच्या परिसरात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा केला. त्या प्रात्यक्षिकांत युद्धनौकांच्या जोडीला नौदलाच्या लढाऊ विमानांचाही समावेश होता. गलबतांच्या आरमारापासून विमाने वाहून नेणाऱ्या नौकांपर्यंतचा हा प्रवास समजून घ्यावयाचा असेल, तर नौदलाच्या लढाऊ विमानांच्या पहिल्या तुकडीची, म्हणजे 'आयनास ३००' या स्क्वाड्रनची कहाणी पाहणे उद्‌बोधक ठरेल.

तुकडीचा जन्म

अमेरिकेत मरीन कोअर या स्वतंत्र दलाच्या लढाऊ तुकड्याही नौदलाच्या विमानवाहू नौकांवर कामगिरी बजावतात. २०२२ मध्ये अशीच एक मरीन तुकडी 'अब्राहम लिंकन' या नौकेवरून सागरी मोहिमेवर गेली होती. भारतात मात्र हे कार्य नौदलाच्या स्वतःच्या हवाई शाखेकडे आहे.

'आयनास ३००' ची स्थापना ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथील नाविक विमानतळावर झाली. झेप घेणारा पांढरा वाघ हे तिचे बोधचिन्ह. म्हणून ती 'व्हाइट टायगर्स' या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे 'सी हॉक' ही एकआसनी, एका जेट इंजिनाची आणि पंख दुमडता येणारी विमाने देण्यात आली. 'विक्रांत' ही नौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी तिच्यावर आपले विमान उतरविले. विक्रांतवर उतरणारे ते पहिले भारतीय वैमानिक होत. पुढे ते नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईस आली आणि मुंबई हेच तिचे माहेरघर बनले. तुकडीचा किनाऱ्यावरील तळ १९६४ पासून गोव्यातील दाबोळी येथे, 'हंसा' या नाविक हवाई केंद्रावर आहे.

वारा, वाफ आणि तार

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर होती. जमिनीवरील जेट विमानास धावपट्टी किलोमीटरच्या हिशेबात लागते. मग एवढ्याशा जागेवरून विमान उडते कसे आणि उतरते कसे?

विमान उचलले जाते ते त्याच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. ती हवा विमानाच्या धावण्याने मिळो वा समोरून येणाऱ्या वाऱ्याने, पंखांना दोन्ही सारखीच. म्हणून उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेस तोंड करून वेगाने चालविली जाते. वारा १० नॉटचा असेल आणि नौका २० नॉटने जात असेल, तर विमान जागचे हलण्यापूर्वीच त्यास ३० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरचा वारा मिळतो. उरलेला वेग विक्रांतवर वाफेची गोफण देत असे. डेकखालील नळकांड्यांत बॉयलरची वाफ सोडली की तिच्या दाबाने विमान काही क्षणांत पुढे फेकले जाई. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नौकेचे पंखे फिरविणारी आणि विमान फेकणारी वाफ एकाच बॉयलरखान्यातून येत असे.

उतरणे याहून कठीण. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालील आकडा त्यांपैकी एका तारेत अडकला म्हणजे विमान थांबते. न अडकल्यास पुन्हा उडता यावे, म्हणून चाके टेकताच वैमानिक इंजिन मंद न करता पूर्ण जोरात चालवितो. थांबावयाच्या क्षणी वेग वाढविणे हे जमिनीवरील सवयीच्या नेमके उलट आहे, आणि ते अंगवळणी पडण्यास दीर्घ सराव लागतो.

येथेही वाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. समजा, विमानाचा वेग ११० नॉट आहे. डेकवर ३० नॉटचा वारा असेल, तर तारेला ८० नॉटचा वेग रोखावा लागतो. वारा केवळ १४ नॉटचा असेल तर ९६ नॉटचा. फरक सोळाच नॉटांचा दिसतो. परंतु आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने तारेवरील भार सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. तात्पर्य, नौकेचा वेग हा वैमानिकाच्या सुरक्षिततेचाच एक भाग होय.

१९७१ : कसोटीचा काळ

१९६५ च्या युद्धाच्या वेळी विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९७० मध्ये तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेल्याचे आढळले. हे तडे सांधकाम करून बुजण्यासारखे नव्हते आणि नवी पिंपे विदेशातून मागवावी लागणार होती. युद्धाचे ढग जमू लागले असता नौदलापुढे प्रश्न उभा राहिला : अशी नौका समुद्रात न्यावी काय? न नेल्यास पुन्हा एका युद्धात नाविक विमानदल निरुपयोगी ठरले असते; नेल्यास शेकडो नौसैनिकांचे प्राण एका सदोष बॉयलरखान्यावर विसंबून राहिले असते.

नौदलप्रमुख अॅडमिरल एस. एम. नंदा यांनी ती नेण्याचा निर्णय घेतला. चारपैकी तीन बॉयलर वापरावयाचे ठरले. त्यांभोवती पोलादी पट्टे आवळण्यात आले, वाफेची गळती दिसावी म्हणून निरीक्षणासाठी झरोके बसविण्यात आले, दाब मर्यादित ठेवण्यात आला आणि नौकेच्या वेगास १४ नॉटची मर्यादा घालण्यात आली. वर पाहिलेल्या हिशेबात ही मर्यादा किती अडचणीची होती हे सहज उमगेल. नौकेकडून मिळणारा वारा घटला; त्यामुळे निसर्गाच्या वाऱ्यावर अधिक अवलंबून राहावे लागले.

विक्रांतला अंदमानच्या आडोशास ठेवण्यात आले. तिच्या शोधार्थ आलेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमनजीक ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री बुडाली. ४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक विमाने झेपावली आणि त्यांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला. त्याच दिवशी चित्तगाववर मारा झाला. त्यानंतरच्या दिवसांत खुलना, चालना व मोंगला ही बंदरे लक्ष्य झाली. 'अलिझे' विमानांची 'आयनास ३१०' ही तुकडीही या कामगिरीत सहभागी होती. पूर्व पाकिस्तानातील सैन्याचा समुद्रमार्ग बंद करण्यात या हल्ल्यांचा मोठा वाटा होता. पांढऱ्या वाघांचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीरचक्र प्रदान करण्यात आले.

पदके वैमानिकांच्या छातीवर दिसतात. परंतु त्या दिवसांत डेकच्या कित्येक मजले खाली, उष्म्यात, आवळलेल्या बॉयलरकडे डोळे लावून बसलेल्या नौसैनिकांच्या हातून वाफेचा दाब क्षणभर ढळला असता, तर वरच्या विमानांची गती काय झाली असती, याचा विचार केल्यास तुकडी या शब्दाचा खरा अर्थ कळतो. तारा तपासणारे, शस्त्रे चढविणारे, उद्वाहकातून विमाने वर आणणारे, रंगीत अंगरख्यांतील इशारे देणारे आणि उड्डाणाच्या वेळी बचावासाठी सज्ज राहणारे हेलिकॉप्टरचालक, हे सर्व मिळून एक उड्डाण घडते.

सी हॉकनंतर

१६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली तीन 'सी हॅरियर' विमाने दाबोळीस आली. ती आखूड धाव घेऊन उडत आणि सरळ खाली उतरत. म्हणून विक्रांतच्या नाळेकडे वर वळलेला उतार बांधण्यात आला. १९८७ मध्ये 'विराट' दाखल झाली. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिल्यानंतर २०१४ मध्ये ती मोडीत काढण्यास प्रारंभ झाला. मे २०१६ मध्ये सी हॅरियर विमानांनी निरोप घेतला आणि पांढऱ्या वाघांकडे 'मिग-२९ के' विमाने आली. ती चढत्या उतारावरून उडतात आणि तारांच्या साह्याने उतरतात. याचा सराव आधी दाबोळी येथे जमिनीवर उभारलेल्या तशाच उतारावर होतो.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे स्वदेशात बांधलेली २६२ मीटर लांबीची नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाच्या नव्या निशाणाचे अनावरण झाले. त्यावरील अष्टकोनाची प्रेरणा शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतून घेण्यात आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांच्या खरेदीचा करार झाला.

कोल्हापूरच्या तरुणांसाठी

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे कोल्हापूर जिल्ह्याच्या लष्करी परंपरेची साक्ष देतात. भूदलाची वाट येथील घरोघरी परिचित आहे. नौदलाच्या हवाई शाखेची वाट मात्र त्या मानाने अपरिचित राहिली आहे. अधिकारी होण्यासाठी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केरळातील एळिमला येथील नाविक प्रबोधिनी हे मार्ग आहेत. २०२२ पासून खडकवासल्याचे द्वार मुलींनाही खुले झाले असून, जुलै २०२५ मध्ये आस्था पूनिया या नौदलाच्या लढाऊ विमान शाखेसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांची गरजही तितकीच मोठी आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि ओतकामाच्या भट्ट्यांवर घडणाऱ्या कुशल हातांना यंत्राची शिस्त नवी नाही.

१९७१ मध्ये विक्रांत समुद्रात गेली ती निर्दोष होती म्हणून नव्हे. तिच्यातील दोष नेमका कोठे आहे हे जाणून त्यावर अहोरात्र पहारा ठेवणारी माणसे तिच्यावर होती, म्हणून ती गेली. करवीरच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यातील तरुणांनी अशा माणसांत आपले स्थान मिळविल्यास सह्याद्रीच्या पलीकडचा समुद्र कोल्हापूरला दूर वाटणार नाही.