हातगाडीची पत

पहाटे शहर अद्याप निजलेले असते. परंतु घाऊक बाजारात मेथीच्या जुड्यांचा नि टोमॅटोच्या पाट्यांचा लिलाव सुरू झालेला असतो. तेथे आलेल्या भाजीवालीपाशी प्रथम रोकड हवी. ती नसेल तर तिला सावकाराकडे वळावे लागते. सकाळी 900 रुपये घ्यावयाचे आणि सायंकाळी 1,000 परत करावयाचे, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालतो. मुलांनो, तुम्हीच हिशेब करा. महिन्याचे 25 दिवस असे कर्ज काढले, तर केवळ व्याजापायी 2,500 रुपये जातात. भाजी सुकली अथवा पाऊस आला, तरी सावकाराचा आकडा बदलत नाही!

मग ती बँकेत का जात नाही? बँक विचारते, दुकान कोठे आहे? तारण काय? तिची हातगाडी आज या कोपऱ्यावर, तर उद्या त्या. तिचा धंदा वीस वर्षांचा असला, तरी कागदावर तो कोठेच नसतो.

येथे नगरपालिकेचे काम सुरू होते. व्यापाऱ्यांना जागा देणे हे तिचे जुनेच कर्तव्य होय. पुण्याची मोठी मंडई नगरपालिकेने बांधली व ती 1886 मध्ये खुली झाली. त्या खर्चाला ज्यांनी विरोध केला होता, त्या जोतीराव फुले यांचेच नाव पुढे तिला मिळाले, हा एक योगायोगच. परंतु मंडईतील ओटे थोडे आणि विक्रेते फार. रस्त्यावर बसणाऱ्यांस पालिका अतिक्रमण करणारे म्हणून हुसकीत असे. पदपथावर व्यापार करणे हाही नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, मात्र त्यावर योग्य निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सांगितले. त्यानंतर 2014 मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यानुसार पालिकेने विक्रेत्यांची गणना करून त्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्यासाठी जी समिती असते, तीत शेकडा 40 सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात व त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

2020 साली टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, गाठीचे भांडवल घरात खाऊन संपले. त्या वर्षी जून महिन्यात केंद्र सरकारने ‘पीएम स्वनिधी’ योजना सुरू केली. तीत तारणावाचून 10,000 रुपयांचे कर्ज मिळू लागले. ते फेडल्यावर 20,000 व पुढे 50,000. 2025 मध्ये पहिल्या दोन रकमा 15,000 व 25,000 करण्यात आल्या. पैसे बँक देते, नगरपालिका नव्हे. परंतु ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही, त्याच्यासाठी पालिकेचे शिफारसपत्र लागते. ‘हा मनुष्य खरोखर येथे धंदा करतो’, एवढेच ते पत्र सांगते. पण त्या एका वाक्याने बँकेचे दार उघडते.

आता पुन्हा हिशेब करू. समजा, दरसाल दरशेकडा 12 रुपये व्याज आहे. 10,000 रुपयांवर वर्षाचे 1,200 रुपये होतील. आणि दरमहा मुद्दल फिटत असल्यामुळे प्रत्यक्षात बरेच कमी. शिवाय वेळेवर हप्ते भरणाऱ्यास शेकडा 7 दराने व्याजाचे अनुदान मिळते. सावकाराच्या एका महिन्याशी हे वर्ष ताडून पाहा.

तथापि कर्ज मिळाले आणि जागा गेली, तर हप्ता कशातून भरावा? म्हणून जागेचे रक्षण कर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. कायद्याप्रमाणे विक्रेत्यास हलवावयाचे, तर 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी हाती द्यावी लागते. शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी परत मिळालेल्या कोथिंबिरीचा उपयोग काय? कित्येक शहरांत मात्र या समित्या स्थापन होण्यासच वर्षानुवर्षे लागली. तोवर भाजीवालीचे एक डोळा गिऱ्हाइकाकडे, तर दुसरा पालिकेच्या गाडीकडे लागलेला असे.