जुन्या संगणकातून नव्या संगणकात : नोंदींचे स्थलांतर आणि जतन

दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका बालकाचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी’ हे नाव नोंदले गेले. ती ओळ लिहिणाऱ्या हाताला तिचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही ते रजिस्टर जपले गेले. बाबासाहेबांच्या शालेय प्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. कोणती नोंद पुढे मोलाची ठरेल हे लिहिताना कळत नाही. म्हणून सर्वच नोंदी सांभाळाव्या लागतात.

आज अनेक शाळांच्या व वसतिगृहांच्या कार्यालयांत जुने संगणक बदलले जात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ पासून ‘विंडोज १०’ या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबल्या, हे त्याचे एक कारण. नवे यंत्र आले की जुने अडगळीत जाते आणि त्याच्या पोटातील माहितीही पुष्कळदा त्याच्यासोबत जाते. अलीकडच्या विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ या प्रणालींत असते. जुन्या तुकड्यांची मात्र कागदी जनरल रजिस्टरात आणि कार्यालयातील संगणकातच सापडते.

पणाला काय आहे?

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तथापि जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत मिळतो. पुढील पिढ्यांचे दाखले त्या नोंदीला साखळीसारखे जोडावे लागतात. साखळीतील एक कडी हरवली किंवा नावातील एक अक्षर बदलले, तरी एखाद्या मुलाचा प्रवेश वा शिष्यवृत्ती अडू शकते. म्हणून संगणकातील माहितीचे स्थलांतर हे कार्यालयीन किरकोळ काम समजू नये.

पहिली पायरी : मोजदाद

नकल करण्यापूर्वी यादी करावी. ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’, ‘डाउनलोड्स’ आणि ‘डी ड्राइव्ह’ येथील फोल्डर, हिशेबाच्या प्रणालीतील नोंदी, छायाचित्रे, ई-मेल, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, आणि सहसा विसरले जाणारे फॉन्ट. येथे एक भेद लक्षात घ्यावा. फाइलची नकल होते, प्रोग्रामची तशी होत नाही. हिशेबाचा किंवा टंकलेखनाचा प्रोग्राम नव्या संगणकावर पुन्हा बसवावा लागतो. त्याची परवाना-चावी जुना संगणक सुरू असतानाच लिहून घ्यावी.

दुसरी पायरी : वाहतूक

बाहेरची हार्ड डिस्क हे सर्वांत सोपे साधन होय. मात्र ती ‘फॅट ३२’ या पद्धतीने आखलेली असेल, तर ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल तिच्यावर जात नाही. अशा वेळी ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ ही आखणी वापरावी. आखणी बदलताना डिस्कवरील मजकूर पुसला जातो, याचे भान ठेवावे. जुना संगणक सुरूच होत नसेल तरी धीर सोडू नये. बहुधा बिघाड वीजपुरवठ्यात किंवा मुख्य पटलात असतो आणि हार्ड डिस्क शाबूत असते. ती काढून जोडणीच्या केबलने नव्या संगणकाला लावल्यास फाइली वाचता येतात. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा चालवू नये, जाणकाराकडे सोपवावी.

तिसरी पायरी : मराठी अक्षरांची वाट

मराठी कार्यालयांची खरी अडचण येथे आहे. फाइल नव्या संगणकावर उघडावी आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा गुंता दिसावा, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. माहिती नष्ट झालेली नसते. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडे पडते. म्हणून जुन्या संगणकातील फॉन्ट प्रथम आणावेत. मजकूर पुन्हा वाचता येतो.

परंतु कायमचा उपाय युनिकोड हाच आहे. त्यात देवनागरीला स्वतःची १२८ स्थाने आहेत. ‘क’ चा क्रमांक २३२५ जगातील प्रत्येक संगणकावर तोच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. तथापि त्यांच्यावर विसंबून राहू नये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतील त्या क्रमाने साठवली जात. ‘धर्म’ या शब्दात ध, मग म, मग रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : ध, र्, म. पहिली वेलांटीही जुन्या पद्धतीत व्यंजनाच्या आधी, तर युनिकोडमध्ये नंतर येते. हा क्रम पालटताना वेलांटी, रफार व जोडाक्षरे चुकतात. म्हणून प्रत्येक नाव मूळ कागदी रजिस्टराशी ताडून पाहावे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पाहावे.

ही रीत जुनीच आहे. तिपिटक दीर्घकाळ मुखोद्गत होते आणि संघाने एकत्र पठण केल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या कानी पडे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ग्रंथबद्ध झाले. साधन बदलले, तरी पडताळणीची गरज कायम राहिली.

चौथी पायरी : प्रती आणि अंतर

दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार जुळतो का, ते पाहावे आणि निरनिराळ्या वर्षांच्या काही फाइली उघडून वाचाव्यात. त्यानंतर तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात एकाच कपाटातील तीन प्रती म्हणजे एकच प्रत. सांगलीच्या शाळेने एक प्रत सातारला आणि सातारच्या शाळेने एक सांगलीला ठेवावी. माजी विद्यार्थी संघांना हे काम सहज करता येईल. प्रत कुलूपबंद व पासवर्डने सुरक्षित असावी आणि वर्षातून एकदा उघडून पाहावी. त्यासाठी ७ नोव्हेंबरइतका उचित दिवस दुसरा नाही.

अखेरची पायरी : जुन्या यंत्राचा निरोप

जुना संगणक निदान एक शैक्षणिक वर्ष तसाच ठेवावा. त्यानंतर त्याची डिस्क पूर्णपणे पुसून किंवा निकामी करूनच तो भंगारात द्यावा. ‘डिलीट’ केलेली फाइल परत मिळवता येते आणि तिच्यात मुलांचे आधार क्रमांक, पत्ते व छायाचित्रे असतात. नोंद जपणे जितके आवश्यक, तितकेच ती भलत्या हाती पडू न देणेही आवश्यक आहे.

वरील कामास दोन दिवस पुरतात. नावे ताडून पाहण्यास कदाचित काही महिने लागतील. तेवढे श्रम घ्यावेत. तीस वर्षांनी एखादी आई आपल्या मुलासाठी आजोबांचा दाखला मागण्यास कार्यालयाच्या दारी येईल, तेव्हा तिला रिक्त हस्ते परतावे लागू नये.