गडेगावची दंतचक्रे
(अवजड मालमोटारीच्या गिअरपेटीचा व आसाचा इतिहास)

भंडारा जिल्हा म्हटला की तलाव, धान, पितळेची भांडी, कोशाचे कापड आणि तुमसरकडील मँगनीजच्या खाणी प्रथम आठवतात. जिल्ह्याची हीच ओळख पुस्तकांतून रूढ झाली आहे. परंतु भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गालगत गडेगावची औद्योगिक वसाहत लागते. तेथील अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड मालमोटारींच्या गिअरपेट्या तयार होतात. हा कारखाना १९८२ साली उभा राहिला. चार दशकांहून अधिक काळ चाललेला हा उद्योग आपल्या स्थानिक इतिहासाचा भाग आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गिअर व आस म्हणजे काय आणि ते येथवर कसे आले, हे पाहिले पाहिजे.

इंजिन आणि चाक

बैलगाडीत बैल गाडी ओढतात. चाक रस्त्यामुळे फिरते आणि आस केवळ भार वाहतो. मालमोटारीत याच्या उलट असते. तेथे इंजिनाची शक्ती चाकालाच फिरवते आणि चाक गाडीला पुढे ढकलते. म्हणून मोटारीच्या मागच्या आसाला दुहेरी काम पडते : भार वाहणे आणि शक्ती पोहोचविणे.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. इंजिन ठराविक वेगाने फिरत असेल तरच ते पुरेसा जोर देते. पण थांबलेली, भरलेली गाडी हलविण्यास तर सर्वांत जास्त जोर लागतो. ही अडचण गिअरपेटी सोडविते. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण सातास एक आणि आसाचे सहास एक आहे. मग इंजिनाचे ४२ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. घर्षणात जाणारा अंश सोडला, तर चाकावरचा पीळही जवळजवळ ४२ पट होतो. निसर्ग फुकट काही देत नाही. जोर मिळाला, तो वेग देऊन.

दुसरी अडचण दिशेची. शक्ती आणणारा दांडा गाडीच्या लांबीत असतो, तर चाकांचा आस आडवा. क्राउन व्हील आणि पिनियन ही जोडी शक्तीला काटकोनात वळविते. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्र फिरतात, त्यामुळे तिला ही चिंता नाही. मोटारीत यासाठी डिफरन्शियल ही दंतचक्रांची रचना लागते. फ्रान्सच्या पेकर याने ती १८२८ साली, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कितीतरी आधी, वाफेच्या गाडीसाठी नोंदविली होती.

परदेशांतील वाटचाल

डाइमलरने पहिली मालमोटार १८९६ मध्ये तयार केली. पुढे बराच काळ अनेक अवजड गाड्यांची चाके साखळीने फिरत. उघडी साखळी धूळ खाई, झिजे आणि तुटे. हळूहळू बंद पेटीतील, तेलात बुडालेल्या दंतचक्रांनी तिची जागा घेतली. अमेरिकेत टॉर्बेनसन याने १९११ मध्ये मालमोटारीच्या आसांची कंपनी काढली; पुढील ईटन उद्योगाचे मूळ तेच. जर्मनीत १९१५ साली फ्रीडरिक्सहाफेन येथे झेड. एफ. हा कारखाना निघाला, तो झेपेलिन विमाननौकांना अचूक दंतचक्रे पुरविण्यासाठी. युद्धानंतर तो मोटारीच्या गिअरकडे वळला.

१९२८ साली कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश पद्धत आली. तोपर्यंत चालकाला दोनदा क्लच दाबून, कानाने वेग ओळखून गिअर बदलावा लागे. चूक झाली की दाते करकरत. नव्या पद्धतीत एक शंक्वाकार कडे घर्षणाने दोन्ही भागांचे वेग आधी सारखे करते, मगच दाते गुंततात. हे कडे पुष्कळदा पितळी मिश्रधातूचे असते. पितळेशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या भंडारेकरांना ही गोष्ट मौजेची वाटेल.

भारतात आगमन

मुंबईच्या शिवडीत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये कारखाना काढला. पण तेथे परदेशातून आलेले भाग केवळ जोडले जात. १९५३ च्या सुमारास, ज्यांच्याजवळ देशातच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांना येथे स्थान नाही, असे धोरण ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काम आवरते घेतले. जोडणे वेगळे आणि घडविणे वेगळे, हा भेद या धोरणाच्या मुळाशी होता.

१९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास मालमोटारी काढल्या. मद्रासेत १९४८ साली स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. पुण्यात १९६१ साली भारत फोर्जची स्थापना होऊन जड घडाईचे काम महाराष्ट्रात रुजले. मात्र राज्याचा यंत्रोद्योग मुंबई-पुणे पट्ट्यातच एकवटला. मागास भागांत उद्योग जावेत म्हणून शासनाने सवलती सुरू केल्या. पुढे प्रादेशिक असमतोलाचा विचार करणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. गडेगावचा कारखाना याच काळातला. झेड. एफ. तंत्राच्या सिंक्रोमेश गिअरपेट्या हे त्याचे वैशिष्ट्य ठरले.

दाता कसा घडतो

गिअरचे पोलाद दोन परस्परविरोधी गुणांचे असावे लागते. पृष्ठभाग कठीण हवा, नाही तर तो झिजेल. गाभा चिवट हवा, नाही तर दाता मोडेल. म्हणून घडीव तुकड्यावर आधी दाते कापतात, मग सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात ठेवून वरच्या थरात कार्बन मुरवितात आणि तेलात विझवितात. कठीण थर साधारण एक मिलिमीटरचा. आतला भाग चिवटच राहतो. अशा पोलादांत मँगनीज व क्रोमियम मिसळलेले असते. ज्या मँगनीजचे खनिज आपल्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आले, त्याच मूलद्रव्याचे काम गडेगावच्या भट्टीपाशी डोळ्यांनी पाहता येते. खनिज विकणे आणि दाता घडविणे यांत जे अंतर आहे, तेच मागास व प्रगत प्रदेशांतील अंतर होय.

पुढे काय?

आज विजेवर चालणाऱ्या मालमोटारी येत आहेत. विजेची मोटर स्थिर अवस्थेतही मोठा पीळ देते. त्यामुळे गिअरांची संख्या घटते आणि कित्येक रचनांत मोटर आसातच बसविली जाते. दंतचक्र नाहीसे होणार नाही, पण अनेक गिअरांच्या पेटीची गरज कमी होऊ शकते. साखळीचे जे झाले, ते आठवावे. यंत्र बदलते तेव्हा कारागिराच्या हातातील ज्ञान नव्या कामाला लावता आले, तरच तो प्रदेश टिकतो, झेड. एफ. विमाननौकांकडून मोटारींकडे वळली ती अशीच.

म्हणूनच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे; आणि त्यातून कला शाखेच्या विद्यार्थ्यांवर एक जबाबदारी येते. शेतावरून यंत्रावर गेलेली या परिसरातील पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. पाळी, वसाहत, वेतन, नवे शब्द, बदललेली घरे यांची हकिकत त्या लोकांच्या तोंडी आहे, कागदावर फारशी नाही. दंतचक्र कसे चालते हे अभियंते सांगतील. त्याने गाव कसे बदलले, हे विचारून लिहून ठेवणे हे आपले काम आहे.