कायद्याचे कुंपण आणि आपली राखण
(मोठ्या वर्गासाठी अभ्यास)

हेतू : जुन्या वास्तूंना कायद्याचे संरक्षण कसे मिळते व ते कोठे अपुरे पडते, हे समजून घेणे.

१. मलकपेठेतील थडगे
हैदराबादेत मलकपेठेजवळ, आस्मानगढच्या टेकडीवर, काळ्या दगडाचा एक उंच निमुळता स्तंभ आहे. ही मिशेल जोआकिम रेमाँ या फ्रेंच सेनानीची कबर. दुसऱ्या निजामाच्या पदरी राहून त्याने फौज उभारली व तोफांचा कारखाना चालविला. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. हिंदूंनी त्याला मूसा राम म्हटले, मुसलमानांनी मूसा रहीम. मूसारामबाग हे नाव त्याच्यावरूनच पडले. परदेशी माणसाला परक्या गावाने आपले नाव द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

२. संरक्षण म्हणजे काय?
याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, संरक्षित स्मारक. रेमाँची कबर राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. अशा स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा होय. दुसरा, वारसा-यादी. तीत मालकी मालकाकडेच राहते. मात्र पाडण्यापूर्वी किंवा फेरफार करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. वेल्समध्ये इमारतींच्या अशा यादीत श्रेणी असतात. मुंबईतही १९९५ पासून श्रेणी आहेत; कुलाब्याचे अफगाण चर्च पहिल्या श्रेणीत आहे.

३. कायद्याची मर्यादा
कायदा हातोडा अडवतो, पण गळके छप्पर शाकारीत नाही. रेमाँच्या कबरीजवळचा खांबांचा मंडप संरक्षित असूनही २००१ साली पावसाने कोसळला; पुढे तो पुन्हा बांधावा लागला. मलकपेठेतलाच महबूब मॅन्शन, सहाव्या निजामाच्या नावाचा वाडा, देखभालीवाचून मोडकळीस आला.

शिवाय कायदाही बदलतो. हैदराबादच्या वारसा-इमारतींना आधार देणारा तेरावा नियम २०१५ च्या डिसेंबरात वगळण्यात आला. २०१७ साली तेलंगणाने नवा वारसा-कायदा केला. २०१९ मध्ये नव्या विधानसभागृहासाठी इर्रम मंझिल हा राजवाडा पाडण्याचा बेत झाला, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे कायदा होता, तरी तो दाखवून देणारी माणसे लागली.

४. आपल्यासाठी धडा
आपली कित्येक उपासनामंदिरे शंभर वर्षांपलीकडची आहेत. वाढत्या मंडळीला जागा हवी असते, हेही खरे. म्हणून पंचांनी घाई न करता आधी पाहावे : कोनशिलेवर कोणते साल आहे? इमारत एखाद्या यादीत आहे काय? चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्यापूर्वी जाणकाराला विचारले काय? सिमेंट ओल आत कोंडते व भिंत आतून खचते. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे व भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच काढणे, यांना पैसा थोडा लागतो आणि आयुष्य मोठे मिळते.

चर्चेसाठी प्रश्न
१) संरक्षित असूनही मंडप का पडला?
२) ज्याच्याशी आपले नाते नाही, त्याचे थडगे आपण का जपावे?
३) आपल्या मंदिराची कोणती दुरुस्ती या वर्षी टाळता येणार नाही?

शिक्षकांस सूचना : मुलांना मंदिराभोवती फिरवून कोनशिला, तडे व ओल यांची नोंद वहीत करून घ्यावी आणि ती वही पंचांच्या सभेपुढे ठेवावी.