रिसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे

नागपूर,
१२ मे

चि. सोनूस,


काल रात्री अडीचला तुझा फोन आला, तेव्हा एवढंच सांगितलं की प्लग काढ, त्या पोर्टेबल एसी मशीनला हात लावू नकोस आणि माझ्या ताईजवळ टेबलफॅन लाव. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही. अशा बाईला मुंबईच्या उकाड्यात रात्रभर जागं राहावं लागणं मला सहन होत नाही, म्हणून सकाळी उठल्याबरोबर हे लिहायला बसलो. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरलं जातं. कागद मशीनच्या पाठीला चिकटवून ठेवता येतो.

तू सांगितलंस ते असं. मशीन चालता चालता गार हवा बंद झाली, पंखा फिरत राहिला आणि डिस्प्लेवर पी-१ आलं. तू बटण दाबून बंद-चालू केलंस, मग भिंतीवरच्या खटक्याने केलंस, पाच-सहा वेळा. नंतर ते पूर्ण गप्प झालं. यातला पहिला भाग हा बिघाडच नाही. मशीनने स्वतःला सांभाळलं आणि का थांबलो तेही लिहून दाखवलं. दुसऱ्या भागाची मात्र मला काळजी वाटते.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो चालू असताना एका बाजूला मोठा दाब असतो, दुसऱ्या बाजूला कमी. मशीन बंद केलं की हे दोन दाब एका बारीक नळीतून हळूहळू सारखे होतात आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात पुन्हा चालू केलं तर कॉम्प्रेसरला पुढ्यातला सगळा दाब ढकलून उठावं लागतं. तो उठत नाही, नुसता घुमतो, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि तापतो. म्हणून हल्लीच्या मशीनांत तीन मिनिटांचा थांबा घातलेला असतो. चालू केल्यावर पंखा लगेच फिरतो, कॉम्प्रेसर थोड्या वेळाने लागतो. लोकांना वाटतं बिघडलं, आणि ते पुन्हा बटण दाबतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८४ साली आयटीआयमधून बाहेर पडून मला वर्षही झालं नव्हतं. एका दुकानात विंडो एसी लावायला गेलो. त्या काळी असला थांबा मशीनमध्ये नसायचा. वीज जात-येत होती, मालक डोक्यावर उभा होता, आणि मी घाईत खटका टाकत राहिलो. पाचव्यांदा जळक्या वॉर्निशचा वास आला. वाइंडिंग गेलं होतं. नव्या कॉम्प्रेसरचे पैसे माझ्या उस्तादांनी भरले आणि मला एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला आजही आठवतं. तेव्हापासून एसीपुढे उभा राहिलो की मी आधी घड्याळ बघतो.

तर रिसेट असा कर. मशीनच्याच बटणाने बंद कर, पंखा थांबू दे. मग भिंतीवरचा खटका बंद कर, नंतर प्लग काढ. आता घड्याळ लावून दहा मिनिटं थांब. प्लग परत लावलास की आधी नुसत्या फॅनवर पाच मिनिटं चालव. मग कूलवर घे आणि २४ अंशांवर ठेव. तीन-चार मिनिटांत कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली पाहिजे. पंधरा मिनिटांनी स्वयंपाकघरातलं थर्मामीटर आधी मागच्या जाळीपाशी धर, मग पुढच्या झडपेपाशी. मागून आत जाणाऱ्या हवेपेक्षा पुढून येणारी हवा साधारण ८ ते १० अंशांनी गार असेल तर मशीन ठीक आहे, मग खोली गार होत नसल्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

पण सोनू, रिसेटने काय होतं ते समजून घे. आतलं कार्ड व्होल्टेजच्या हेलकाव्याने गोंधळलेलं असेल तर ते पहिल्यापासून मोजायला लागतं. इतकंच. टाकीतलं पाणी रिसेटने उतरत नाही, फिल्टरची धूळ झडत नाही, सुटलेला पाइप बसत नाही. त्या दहा मिनिटांत तू जे बघशील त्यात खरं काम आहे. एकदा सगळं तपासून रिसेट केल्यावर तोच कोड परत आला तर आणखी एकदा तपासून बघ. तिसऱ्यांदा रिसेट करायचं नाही. मग दोष खरा आहे आणि तो मेकॅनिकनेच बघायचा.

आता तुझा पी-१. पोर्टेबल मशीनांत बहुतेकदा याचा अर्थ खालची टाकी पाण्याने भरली. काही मशीनांवर त्याच कारणासाठी एफएल येतं. ई-१, ई-२ आले तर बहुधा तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा दोष असतो. कंपनीगणिक हे बदलतं, म्हणून पुस्तिकेतल्या कोडच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि कॉम्प्रेसर बंद होतो, नाहीतर ते पाणी तुमच्या फरशीवर आणि आतल्या वायरींवर आलं असतं.

तू म्हणालीस, नागपूरला असं कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकशील? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या कूलरने भागतं. नवतपात दोरीवरचा टॉवेल बघता बघता वाळतो. मुंबईत तोच कूलर लावला तर अंगाला चिकचिक वाढते, कारण तिथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली. एसीच्या गार कॉइलवर ते पाणी थंड तांब्यावर जमतं तसं जमतं. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी पहिलं असं यंत्र आखलं, ते मुळात हवेतली ओल आवरण्यासाठीच. दमटपणात कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. म्हणून टाकीत पाणी भरतंय याचा अर्थ मशीन काम करतंय. तुझं मशीन यातलं बरंचसं पाणी तापलेल्या कॉइलवर उडवून वाफेबरोबर बाहेर टाकतं, पण मुंबईच्या रात्री सगळं काही उडत नाही. उरलेलं खाली साठतं.

पाणी काढायचं ते प्लग काढूनच. मागे अगदी खाली रबरी बूच असतं. ते जमिनीच्या इतकं जवळ असतं की बादली खाली जात नाही. उथळ परात लागते आणि पाणी एकदम येतं. परात भरली की बूच दाब, ओत, पुन्हा लाव. मशीन वाकडं करून पाणी काढायला जाऊ नकोस, ते पंचवीस-तीस किलोचं आहे. आणि ताईला तर हात लावू देऊ नकोस, ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे. पावसाळा येईपर्यंत एक बरी सोय करून घे. सुताराकडून वीतभर उंचीचा भक्कम पाट करून घे आणि बुचाच्या जागी पारदर्शक पाइप लावून तो बाथरूमच्या जाळीत सोड. पाइप सगळीकडे उताराला हवा. मध्ये कुठे उचलला गेला की पाणी मागे फिरतं आणि पी-१ परत येतो.

आता बाथरूमचा विषय निघालाच आहे, तर हे सगळ्यांत जास्त लक्ष देऊन वाच. तुझ्या मशीनला एकच जाड पाइप आहे, खिडकीतून गरम हवा बाहेर फेकणारा. ती हवा येते कुठून? तुमच्याच खोलीतून. खोलीतली हवा सतत बाहेर जाते, तेवढीच हवा दाराच्या फटीतून, खिडकीच्या चिरेतून, बाथरूममधून आत ओढली जाते. तू म्हणत होतीस की एसी लावला की बाथरूमच्या जाळीचा वास बेडरूममध्ये येतो, त्याचं कारण हेच. वासाचं एक वेळ चालेल. पण तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. तो पेटलेला असताना एसी चालू असेल तर गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि त्याने माणूस झोपेत जातो. तेव्हा आंघोळीच्या वेळी एसी बंद आणि बाथरूमची खिडकी उघडी. यात एक दिवसही सूट घेऊ नकोस. ताईलाही हे वाचून दाखव.

खोलीला हवा लागणारच आहे, तर ती हॉलच्या बाजूने येऊ दे. बेडरूमच्या दाराखालची फट कपड्याने बंद करत जाऊ नकोस. उन्हाकडच्या खिडक्यांच्या चिरा मात्र फोमच्या पट्टीने बुजव. मशीनबरोबर आलेली प्लास्टिकची पट्टी तुमच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत अर्धवट बसते, वर वीतभर मोकळं राहतं, हे मी तू पाठवलेल्या फोटोत बघितलं. तिथून फेकलेली गरम हवा परत आत येते. प्लायचा तुकडा मापाने कापून घे. जाड पाइप जितका आखूड आणि सरळ ठेवता येईल तितका ठेव. पुरेना म्हणून दुसरा जोडायचा नाही. आणि बाहेर ग्रिलमध्ये चादरी वाळत घातल्या आहेत, त्या काढ. पाइपचं तोंडच त्यांनी झाकलंय.

विजेचं सांगतो. तुझं मशीन एक टनाचं. हा टन वजनाचा नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या गतीने, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅटने, ते खोलीतली उष्णता काढतं. त्यासाठी स्वतः १२०० ते १४०० वॅट वीज खातं. म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास करंट तासन्‌तास वाहतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. तू ते ताईच्या मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलंयस. आजच काढ. त्याला १६ अँपिअरचं तीन पिनांचं सॉकेट हवं, अर्थिंगसकट. बेडरूममध्ये नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून एमसीबीपासून वेगळी वायर ओढून घे, खर्च मी पाठवतो. अर्धा तास चालल्यावर प्लग काढून पिनांजवळ हात धरून बघ. कोमट ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट ढिलं आहे. आणि एमसीबी पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नकोस.

फिल्टर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव. तुमच्यासमोर मेट्रोचं काम चालू आहे, तर आठवड्याने. धुळीने हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीन चालूनही वारा येईनासा होतो. तसं दिसलं तर नुसत्या फॅनवर ठेवून वितळू दे, चाकूने खरवडू नकोस. रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा लावून बटण दाब. कॅमेऱ्यात रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे.

मशीन नवं आलं तेव्हा टेम्पोत आडवं घालून आणलं होतं, असं जावई म्हणाले. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं आणि आडवं केलं की ते नळ्यांत शिरतं. पुढच्या वेळी घर बदललंत तर उभंच न्या. आडवं न्यावं लागलंच तर २४ तास उभं ठेवून मगच प्लग लावा.

मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणाला, तर त्याला विचार, गळती कुठे आहे? गॅस वापराने संपत नाही. बंद नळ्यांतून तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी फट आहे, आणि ती न जोडता भरलेला गॅस पुन्हा जाईल. माझ्या धंद्यातल्या माणसांबद्दल असं लिहिताना मला वाईट वाटतं, पण न शोधता भरलेले गॅस मी फार पाहिलेत. मागच्या लेबलवर गॅसचं नाव वाच. आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे पेट घेणारा. स्वयंपाकाच्या गॅसला जो मुद्दाम वास घातलेला असतो तो त्याला नसतो. अशा मशीनचं काम बंद खोलीत, ज्योत पेटवून कुणालाही करू देऊ नकोस. फिल्टर काढण्यापलीकडे मागची जाळी तू स्वतः उघडायची नाहीस. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही धक्का देतो.

काल रात्रीपासून मशीन बंदच आहे, ते बरं आहे. आज संध्याकाळी आधी पाणी काढ, फिल्टर धू, बोर्ड बदल, मग सांगितलं तसं चालव. चालू केल्यावर नुसतं घुमून खट्‌ आवाज आला आणि थांबलं, तर ताबडतोब बंद कर. तो कपॅसिटर असू शकतो, ते काम स्वस्त आहे. कॉम्प्रेसरच गेला असेल तर वॉरंटीचं कार्ड शोधून ठेव. काहीही झालं तरी रात्री नऊच्या आत मला फोन कर, आवाज ऐकव आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी डिस्प्लेचा फोटो पाठव. मी जागा आहे.

तुझा,
मामा